ट्रॅक्टर उलटतो तेव्हा : एका साध्या कमानीचे विज्ञान



बीड जिल्ह्याचा पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगरावर वसलेला आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. सौताड्याला विंचरणा नदी उंच कड्यावरून खाली कोसळते. अशा मुलखात रस्ता म्हटला की चढ आला, उतार आला, वळण आले. शेताकडे जाणारी पाणंद तर याहून अवघड. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला ओढा आणि मधून जेमतेम ट्रॅक्टर जाईल एवढी वाट.

दसरा-दिवाळी झाली की या भागातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तुमच्या वर्गातील काही मुलेही आईवडिलांबरोबर गेलेली असतील. पूर्वी फडातला ऊस बैलगाडीने कारखान्यावर जाई. आता बराच ऊस ट्रॅक्टरने जातो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन पुरुष उंचीचा ऊस आणि पुढे उघड्या आसनावर बसलेला एकटा चालक, हे दृश्य आपल्या चांगल्या ओळखीचे आहे.

‘ट्रॅक्टर उलटून चालक खाली सापडला’ ही बातमीसुद्धा दुर्दैवाने आपल्या ओळखीची आहे. ती वाचताना तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. मोटारगाडी ट्रॅक्टरच्या तिप्पट वेगाने धावते. मग इतके संथ चालणारे, इतके वजनदार यंत्र उलटते कसे? आणि उलटलेच, तर चालकाचा जीव वाचवण्याचा काही उपाय आहे का?

उपाय आहे. तो फार जुना आहे आणि दिसायला अगदी साधा आहे. त्याची गंमत अशी, की तो शर्यतीच्या मोटारीतही सापडतो. टप नसलेल्या खेळाच्या मोटारी तुम्ही चित्रात पाहिल्या असतील. अशी मोटार उलटली तर प्रवाशाच्या डोक्यावर वाचवणारे काहीच नसते. म्हणून आसनाच्या मागे, डोक्याहून थोडी उंच अशी पोलादी नळीची उलट्या ‘यू’ आकाराची कमान बसवतात. तिला ‘रोल बार’ म्हणतात. काही मोटारींना ती कारखान्यातच बसवलेली असते, तर काही मालक ती मागाहून बसवून घेतात. ट्रॅक्टर हेही एक टप नसलेले वाहनच आहे. त्यालाही अशीच कमान बसवता येते. या लेखात आपण तिला ‘रक्षक कमान’ म्हणू. ती का लागते, कशी काम करते आणि जुन्या ट्रॅक्टरला ती बसवायची तर काय पाहावे लागते, हे आता क्रमाने पाहू.

समतोल कोठे ढळतो?

कोणत्याही वस्तूचे सगळे वजन एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा वस्तूच्या पायाच्या आत पडत असेल तोवर वस्तू उभी राहते. ती रेषा पायाच्या बाहेर गेली की वस्तू कलंडते. उभी ठेवलेली काडेपेटी जरा धक्का लागला की पडते आणि आडवी ठेवलेली पडत नाही, त्याचे कारण हेच.

आता ट्रॅक्टरकडे पाहा. शेतातील ढेकळे, सऱ्या आणि उभे पीक ओलांडता यावे म्हणून त्याचे पोट जमिनीपासून उंच ठेवलेले असते. त्यामुळे गुरुत्वमध्यही वर जातो. आपण हिशेबासाठी एक ट्रॅक्टर मनात धरू. त्याचे वजन २००० किलोग्रॅम, गुरुत्वमध्याची उंची ८० सेंटिमीटर आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर. म्हणजे मध्यरेषेपासून चाक ७० सेंटिमीटरवर. हा ट्रॅक्टर आडव्या उतारावर उभा केला आणि उतार हळूहळू वाढवत नेला, तर कोणत्या कोनाला तो कलंडेल? ७० भागिले ८० म्हणजे ०.८७५. ज्या कोनाचा ‘टॅन’ ०.८७५ आहे तो कोन सुमारे ४१ अंशांचा.

४१ अंश म्हणजे बराच मोठा उतार झाला. मग काळजी कसली? काळजीची कारणे तीन आहेत.

पहिले कारण ट्रॅक्टरच्या बांधणीत आहे. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर बसवलेला असतो. एक चाक ढेकळावर चढले तर आस झोक्याच्या फळीसारखा एका बाजूने वर होतो आणि बाकीचा ट्रॅक्टर सरळ राहतो. शेतात ही सोय फार चांगली. पण तिचा अर्थ असा, की कलंडण्याच्या सुरुवातीला पुढची दोन चाके आधार देत नाहीत. आधार देते ती मधली खिळी. म्हणून ट्रॅक्टरचा पाया चार कोपऱ्यांचा नसून तीन कोपऱ्यांचा असतो. मागची दोन चाके आणि पुढची खिळी हे ते तीन कोपरे. त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. त्यामुळे गुरुत्वमध्यापासून पायाची कड ७० सेंटिमीटरवर न राहता बरीच जवळ येते. साहजिकच ४१ अंशांच्या खूप आधी ट्रॅक्टर कलंडू लागतो.

दुसरे कारण खड्डे आणि दगड. वरच्या बाजूचे चाक दगडावर चढले आणि खालचे खड्ड्यात गेले, तर साधा १५ अंशांचा उतार क्षणभर २५ अंशांचा होतो.

तिसरे कारण वळण. वळणावर वाहनाला बाहेर ढकलणारा एक जोर जाणवतो. त्याला आपण अपकेंद्री बल म्हणतो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की ते चौपट होते आणि तिप्पट केला की नऊपट. आपल्या ट्रॅक्टरने सपाट रस्त्यावर ६ मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर चार कोपऱ्यांचा पाया धरूनसुद्धा ताशी सुमारे २६ किलोमीटर वेगाला आतली चाके जमीन सोडतील. प्रत्यक्षात पाया तीन कोपऱ्यांचा आहे, म्हणून ही वेळ त्याहूनही आधी येते. शेतात ताशी ५ किलोमीटरने चालणारा ट्रॅक्टर रस्त्यावर वेग घेऊ लागला की बदलते ते हेच.

रस्त्यावर आणखी एक धोका असतो. ट्रॅक्टरला मागच्या डाव्या आणि उजव्या चाकासाठी दोन स्वतंत्र ब्रेक-पेडल असतात. शेताच्या कडेला चटकन वळता यावे म्हणून ही सोय. रस्त्यावर जाताना ही दोन पेडल एका खिटीने जोडायची असतात. ती जोडली नाहीत आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, तर एक चाक अडते, दुसरे पळते आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा होतो. मागून भरलेल्या ट्रॉल्या ढकलत असतातच.

पुढची चाके उचलतात तेव्हा

आतापर्यंत आपण बाजूला कलंडण्याचा विचार केला. ट्रॅक्टर मागेही उलटतो. मोटारगाडीच्या बाबतीत असे सहसा घडत नाही, ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र घडते.

ट्रॅक्टर ओझे ओढतो तेव्हा ओझेही त्याला मागे ओढत असते. या मागच्या ओढीमुळे ट्रॅक्टर मागच्या चाकाच्या टेकणीभोवती फिरू पाहतो. त्याचे वजन त्याला खाली दाबून धरते. फिरवण्याच्या या ताकदीला परिबल म्हणतात. बल गुणिले अंतर म्हणजे परिबल. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते आणि कडेला ढकलले तर सहज उघडते, ते परिबलामुळेच.

हिशेब करू. आपल्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ६५ सेंटिमीटर पुढे आहे असे माना. २००० किलोग्रॅमचे वजन म्हणजे १९,६०० न्यूटन. त्याला ०.६५ मीटरने गुणले की सुमारे १२,७०० न्यूटन-मीटर हे परिबल मिळते. ट्रॅक्टरला जमिनीवर ठेवणारी ताकद ही एवढी.

आता ट्रॉली ड्रॉबारला, म्हणजे जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर जोडली आहे. पुढची चाके उचलण्यासाठी किती ओढ लागेल? १२,७०० भागिले ०.४, म्हणजे सुमारे ३१,८०० न्यूटन. ही ओढ ट्रॅक्टरच्या सगळ्या वजनाहून कितीतरी जास्त आहे. एवढी ओढ निर्माण होण्याआधीच मागची चाके जागच्या जागी घसरून फिरू लागतील. म्हणजे घर्षणाची मर्यादाच चालकाचे रक्षण करते.

पण समजा, रुतलेली गाडी काढण्यासाठी साखळी ड्रॉबारला न बांधता वर, अवजाराचा वरचा दांडा जेथे जोडतात तेथे बांधली. ही उंची एक मीटर धरू. आता १२,७०० न्यूटन ओढ पुरते. कोरड्या, कठीण जमिनीवर चाकांना इतकी पकड सहज मिळते. म्हणजे चाके घसरण्याआधी ट्रॅक्टरच मागे उलटेल. ट्रॅक्टर तोच, साखळी तीच, ओढही नेहमीचीच. फरक फक्त ६० सेंटिमीटर उंचीचा. ‘ओढायचे ते ड्रॉबारनेच’ हा जाणत्या चालकांचा नियम आहे, त्यामागचे गणित हे असे आहे.

चढावर हे गणित आणखी बिघडते. १० अंशांच्या चढावर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि ६५ सेंटिमीटरचे अंतर ५० सेंटिमीटरच राहते. म्हणून भरलेली ट्रॉली घेऊन चढावर थांबलेला ट्रॅक्टर एकदम क्लच सोडून पुढे काढणे फार धोक्याचे.

चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळीच. इंजिन मागचा आस फिरवू पाहते. पण चाके घट्ट अडकली असतील, फिरण्यास त्यांना वावच नसेल, तर काय होईल? चाक फिरत नाही म्हणून इंजिन थांबत नाही. चाक स्थिर राहते आणि त्याच्याभोवती ट्रॅक्टरच फिरू लागतो. न्यूटनचा तिसरा नियम येथे दिसतो. रुतलेल्या चाकाला ओंडका बांधून ट्रॅक्टर पुढे काढू नये, शक्य असेल तर मागे घ्यावा, असे सांगतात ते याचसाठी.

पाऊण सेकंद

पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर मागे पूर्ण उलटा होईपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो. पण चालकाच्या हाती दीड सेकंदही नसतो. पाऊण सेकंदातच गुरुत्वमध्य चाकांच्या टेकणीच्या मागे जातो. त्यानंतर क्लच दाबला काय अन् इंजिन बंद केले काय, ट्रॅक्टर उलटणारच. डोळ्यांनी धोका पाहणे, मेंदूने तो ओळखणे आणि पाय क्लचवर दाबणे, या सगळ्याला माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. अत्यंत कुशल चालकही येथे हरतो, कारण त्याची स्पर्धा गुरुत्वाकर्षणाशी असते.

उडी मारून वाचता येईल, असे पुष्कळांना वाटते. एका बाजूला मडगार्ड, दुसऱ्या बाजूला मडगार्ड, समोर स्टिअरिंग, पायांत पेडल आणि गियरचे दांडे. या सापळ्यातून पाऊण सेकंदात बाहेर पडणे कठीण. पडलाच तर बहुधा तो ज्या बाजूला ट्रॅक्टर कलंडतो आहे त्याच बाजूला पडतो.

म्हणून अभियंत्यांनी विचाराची दिशाच बदलली. चालकाची चूक होणार, रस्ता खराब असणार, ट्रॅक्टर कधी ना कधी उलटणार हे धरून चालू. तरीही चालक जगला पाहिजे. मग काय करावे लागेल?

स्वीडनचा धडा

हा विचार प्रथम नेटाने अमलात आणला तो स्वीडनने. तेथे १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरवर रक्षक सांगाडा असणे कायद्याने आवश्यक झाले. पुढे जुन्या ट्रॅक्टरांनाही तो बसवावा लागला. त्याचा परिणाम आकड्यांतच पाहा. १९५७ साली स्वीडनमध्ये दर एक लाख ट्रॅक्टरांमागे उलटण्याच्या अपघातांत वर्षाला १७ माणसे मरत होती. १९९० साली हे प्रमाण ०.३ वर आले. स्वीडनचे डोंगर सपाट झाले नव्हते, की चालक चुका करायचे थांबले नव्हते. ट्रॅक्टर उलटतच होते, पण त्यांखाली माणसे चिरडत नव्हती.

कमान दोन कामे करते. पहिले, ती चालकाभोवती एक सुरक्षित पोकळी राखते. ट्रॅक्टर पालथा झाला तरी त्याचे वजन कमानीवर टेकते, माणसावर नाही. दुसरे काम चटकन लक्षात येत नाही. कमान नसलेला ट्रॅक्टर कलंडला की गोल पिंपासारखा गडगडत जातो. कमानीचा वरचा कोपरा बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर एका कुशीवर पडला की तो कोपरा जमिनीत रुततो. आणखी लोळण घ्यायची तर ट्रॅक्टरच्या गुरुत्वमध्याला त्या कोपऱ्यावरून चढून जावे लागेल. तेवढी ऊर्जा बहुधा शिल्लक नसते. म्हणून ट्रॅक्टर पुष्कळदा कुशीवरच थांबतो.

कमान वाकली पाहिजे!

कमान इतकी मजबूत असावी की ती मुळीच वाकू नये, असे तुम्हांला वाटेल. पण ते बरोबर नाही.

उलटणाऱ्या ट्रॅक्टरजवळ ऊर्जा असते. ती कोठेतरी खर्च व्हायला हवी. कमानीची परीक्षा घेण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात बाजूने रेटताना कमानीने ट्रॅक्टरच्या दर किलोग्रॅममागे १.७५ जूल ऊर्जा पचवावी लागते. आपल्या २००० किलोग्रॅमच्या ट्रॅक्टरसाठी ही झाली ३५०० जूल. सिमेंटचे ५० किलोग्रॅमचे पोते सात मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली टाकले तर त्याच्याजवळ एवढी ऊर्जा येते.

ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. कमान २० सेंटिमीटर वाकून ही ऊर्जा पचवत असेल, तर सरासरी बल १७,५०० न्यूटन येते. पण ती ताठ असेल आणि २ सेंटिमीटरच वाकली, तर बल दसपट म्हणजे १,७५,००० न्यूटन होते. इतक्या जोराने कमानीचे बोल्ट तुटतील किंवा ज्यावर ती बसवली आहे तो भागच फुटेल. क्रिकेटमध्ये चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तीच ही युक्ती. म्हणून कमान वाकली पाहिजे, पण चालकाच्या सुरक्षित पोकळीत शिरण्याइतकी वाकता कामा नये. या दोन अटींमधील वाट काढणे हेच अभियंत्याचे कौशल्य.

त्याच परीक्षेत कमानीवर वरून दाबही देतात. दर किलोग्रॅममागे २० न्यूटन, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. परीक्षेची आणखी एक पद्धत आहे. तीत २००० किलोग्रॅमचा ठोकळा लंबकासारखा टांगतात, ओढून सोडून देतात आणि तो कमानीवर आदळवतात. आपल्या देशातही या कमानींसाठी भारतीय मानक आहे. त्याचा क्रमांक ११८२१. मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे.

परीक्षा झालेल्या कमानीही कधी कमी पडतात. ३ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वन शर्यतीत झोऊ ग्वानयू या चिनी चालकाची मोटार उलटी होऊन घसरत गेली. त्याच्या डोक्यामागची रक्षक कमान मोडली. डोक्याभोवतीचे ‘हेलो’ नावाचे दुसरे कडे होते म्हणून तो वाचला. त्यानंतर तेथील परीक्षा अधिक कडक करण्यात आल्या. विज्ञान असेच पुढे जाते. मोडलेल्या वस्तूकडून शिकून पुढची वस्तू सुधारावी लागते.

जुन्या ट्रॅक्टरला कमान बसवायची तर

आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांवर अशी कमान दिसत नाही. उन्हासाठी हुड मात्र दिसते. हुड म्हणजे रक्षक कमान नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. पातळ नळ्या आणि पत्रा सावली देतो. दोन टनांचा भार तो पेलू शकत नाही.

मग गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन जाड नळीची कमान करून घेतली तर? पुष्कळांच्या मनात हा विचार येतो. त्यात चार अडचणी आहेत.

पहिली, नळी. पाण्याची नळी आणि कमानीची नळी बाहेरून सारखी दिसते. पण कमानीचे पोलाद असे हवे, की ते न तुटता पुष्कळ वाकेल. कोणत्या जातीचे पोलाद, किती जाड आणि सांधा असलेले की नसलेले, हे माहीत नसेल तर ती नळी ऐनवेळी वाकेल की तडकेल हे सांगता येत नाही.

दुसरी, वेल्डिंग. जोडाजवळचे पोलाद तापून थंड होताना त्याचे गुण बदलतात. सर्वांत जास्त ताण कमानीच्या पायाशी येतो आणि जोडही बहुधा तेथेच असतो.

तिसरी, बसवण्याची जागा. कमान मडगार्डला बसवून उपयोग नाही, कारण मडगार्ड पत्र्याचे असते. ती मागच्या आसाच्या भक्कम घरावर, दोन्ही बाजूंना बसवावी लागते. हे घर ओतीव लोखंडाचे असते. ओतीव लोखंड दाब सोसते, पण वेल्डिंगची उष्णता त्याला सोसत नाही आणि त्यात तडे जातात. त्याला नवी भोके पाडली तरी ते कमजोर होते. म्हणून त्या ट्रॅक्टरसाठीच तयार केलेली कमान, आधीच असलेल्या भोकांत, बोल्टने बसवायची असते.

चौथी, बोल्ट. बोल्टच्या डोक्यावर काही आकडे कोरलेले असतात, ते कधी पाहिलेत का? ८.८ असे असेल तर पहिल्या ८ चा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणाला हा बोल्ट तुटेल. दुसऱ्या ८ चा अर्थ, त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटनला तो कायमचा ताणू लागेल. ४.६ असे असेल तर हेच आकडे ४०० आणि २४० होतात. १६ मिलिमीटर व्यासाचा ८.८ चा बोल्ट सुमारे एक लाख न्यूटनपर्यंत न ताणता टिकतो, ४.६ चा अवघा ३८ हजार न्यूटनपर्यंत. दिसायला दोन्ही सारखे. पाहून न घेता बसवलेल्या बोल्टमुळे चांगली कमानही निकामी ठरते.

एकदा उलटलेल्या ट्रॅक्टरची वाकलेली कमान ठोकून सरळ करणे हीही चूक. लोखंडी तार एकदा वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. थोड्या वेळात ती तुटते. कमानीचे आयुष्य एका अपघातापुरतेच असते. तिने आपले काम केले, आता ती बदलायची.

याला पैसा लागतो, हे खरे. इतर देशांतही हीच अडचण आली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २००६ साली एक योजना सुरू केली. जुन्या ट्रॅक्टरला परीक्षित कमान बसवणाऱ्या शेतकऱ्याला ७० टक्के खर्च परत मिळू लागला. नुसते ‘सावध राहा’ म्हणण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडले.

पट्टा आणि मडगार्ड

कमानीबरोबर आसनाचा पट्टा हवाच. पट्टा नसेल तर चालक सुरक्षित पोकळीतून बाहेर फेकला जातो आणि कधीकधी त्याच कमानीखाली सापडतो. उलट, कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधू नये, कारण मग चालक ट्रॅक्टरबरोबर खाली जखडला जाईल. काही कमानी झाडाखालून जाण्यासाठी दुमडता येतात. कमान दुमडली असेल तेवढा वेळ पट्टा सोडावा आणि काम झाले की कमान उभी करून पट्टा लावावा. कमान आणि पट्टा ही बैलजोडी आहे. एकाने गाडा चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सुरक्षित पोकळी फक्त एका माणसाची असते, आसनावर बसलेल्या चालकाची. मडगार्डवर बसलेल्यासाठी ती नसते. ड्रॉबारवर उभा असलेल्यासाठी नसते, की ट्रॉलीतील उसावर बसलेल्या मजुरांसाठीही नसते. जगातील उत्तमोत्तम कमान त्यांना वाचवू शकत नाही. शाळेला उशीर झाला म्हणून शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरवर, मडगार्डला धरून तुमच्यापैकी कितीजण बसतात? पुढच्या वेळी बसण्याआधी वरचा पाऊण सेकंद आठवा.

करून पाहा

(१) काडेपेटीला आडवी चिकटवून तिच्यावर दुसरी उभी चिकटवा. खाली घसरू नये म्हणून फळीवर वाळूचा कागद लावा. फळी हळूहळू उचला आणि पेटी कोणत्या कोनाला कलंडते ते कोनमापकाने मोजा. मग वरच्या पेटीत ओली वाळू भरून पुन्हा मोजा. नंतर तीच वाळू खालच्या पेटीत भरा. तीन कोन लिहून ठेवा आणि फरकाचे कारण सांगा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत काहीजण पाणी भरतात, मागची दोन चाके बाहेर सरकवून अंतर वाढवतात. यांपैकी कशाने गुरुत्वमध्य खाली येतो आणि कशाने पाया रुंदावतो, ते आता तुम्हांला सांगता येईल.

(२) खेळण्यातल्या ट्रॅक्टरवर ओल्या मातीचा चालक बसवा. ट्रॅक्टर कलत्या फळीवरून उलटा पडू द्या आणि चालकाचे काय होते ते पाहा. मग बांधकामातल्या बारीक बाइंडिंग तारेची कमान मागे घट्ट बांधून तोच प्रयोग करा. तार दुहेरी घ्या, कमान ठेंगणी करा, सैल बांधा. दरवेळी काय बिघडते ते टिपून ठेवा.

(३) तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या ट्रॅक्टरजवळ, तो बंद असताना, मोठ्या माणसाबरोबर जा. दोन ब्रेक-पेडल जोडणारी खिटी आहे का? ट्रॉली ड्रॉबारलाच जोडतात का? वर आहे ती हुड की कमान? कमान असेल तर तिच्यावर परीक्षेची पट्टी आहे का? बोल्टच्या डोक्यावर कोणते आकडे आहेत? आसनाला पट्टा आहे का? उत्तरे वहीत लिहा आणि घरी वाचून दाखवा. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास हे केलेत तर फार बरे. दसऱ्याला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, पूजा करतो. त्याच दिवशी त्याची ही तपासणीही होऊन जाईल.